कोरडे मास्तर

मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी दुखवलं, आणि तेही चहावरून.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नगरकडची. रत्नागिरीच्या मिशनशाळेत शिकवायला म्हणून आले, ती कोल्हापूरहून सर्व्हिस मोटारीनं, आंबा घाटात दोनदा ओकून आणि पालीला उतरून तोंड धुऊन. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत मी हौसेनं सगळ्या शिक्षकांसाठी चहा केला. सगळ्यांनी घेतला, वाखाणला. एकटे मास्तर खांबाला टेकून उभे. धोतर, काळा कोट, काळी टोपी, टोपीखालून डोकावणारी गाठ मारलेली शेंडी, आणि हातात पितळी तांब्या.

मी कप पुढे केला, तर म्हणाले, "नको बाई."

"साखर कमी आहे का?"

"चहा चांगलाच असणार. पण मी बाहेरचं घेत नाही." आणि तांब्यातलं पाणी वरूनच घशात सोडलं.

बाहेरचं! माझा आजा गावकुसाबाहेर राहिलेला माणूस. पाणवठ्यावर तासन् तास उभं राहून कुणीतरी वरून ओतेल याची वाट बघितलेला. तो ख्रिस्ती झाला, त्याच्याबरोबर माझा बापही, मी तर जन्माचीच ख्रिस्ती. दोन पिढ्यांत आमच्या घरात तो शब्द कुणी काढला नव्हता. आणि इथे, मिशनच्या छपराखाली, एक शेंडीवाला माणूस मला तो ऐकवतो! मी कपबश्या अशा विसळल्या की एका कपाचा कानच तुटला.

शाळेचा शिपाई लांज्याकडचा होता. तो शेजारी उभा राहून हसत होता. म्हणाला, "बाय, त्यांच्यावर रागावू नका. ते अजून बाटलेले नाहीत."

"म्हणजे? ते ख्रिस्ती नाहीत? मग इथे करतात काय?"

"बाटायचं कसं ते शिकवतात," शिपाई म्हणाला.

ते अक्षरशः खरं होतं. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी, बाप्तिस्मा मागायला आलेल्या लोकांना तयार करायचे. तीस वर्षं हेच करत होते. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं पार मंडणगडापर्यंत पसरलेली. पण त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलेलं नव्हतं. म्हणून गाव त्यांना कोरडे मास्तर म्हणायचं. कुणी तोंडावर म्हटलं तरी ते रागवायचे नाहीत, उलट मान हलवायचे, जसं काही त्यांचं आडनावच ते.

पाण्याचं त्यांना वेडच होतं म्हणा ना. मुलं घरून बाटल्यांतून पाणी आणायची आणि मास्तर एक घोट तोंडात घोळवून, थुंकून सांगायचे, "हे मांडवीकडचं, मचूळ आहे. हे वरच्या आळीचं, ह्या विहिरीत कोणीतरी पालापाचोळा पडू देतंय, घरी सांग." क्वचितच चुकायचे. एकदा एका वात्रट पोरानं दोन विहिरींचं पाणी मिसळून आणलं. मास्तरांनी घोट घेतला, त्या पोराकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझ्यासारखंच आहे रे हे. धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखं."

बाप्तिस्मा मागायला येणाऱ्याला त्यांची एकच अट. आधी वर्षभर पाणी भरायचं, मग पाणी घ्यायचं. मिशनच्या आवारात मोठी विहीर होती, ती सगळ्यांना मोकळी. गावात ज्यांना दुसरीकडे कुठे पोहरा टाकता यायचा नाही, ती सगळी तिथे यायची. उमेदवारानं रोज सकाळी तासभर त्या विहिरीवर उभं राहायचं आणि जो येईल त्याचं भांडं भरून द्यायचं. बाकी प्रश्नोत्तरं, प्रार्थना, पाठांतर हे सगळं नंतर. "पाणी कपाळावर पडतं हो," मास्तर म्हणायचे, "पण आत मुरायला नको का? आपल्या कातळावर पाऊस काय कमी पडतो? आणि चैत्रात पाहा, विहिरी कोरड्या ठाक." मग उमेदवाराच्या डोळ्यांत बघून विचारायचे, "तू कातळ की भाताचं खाचर?" तो बिचारा काय सांगणार!

त्यांची प्रतवारी ठरलेली होती. कोरडा, ओलसर आणि भिजलेला. एक कचेरीतला कारकून आला होता. त्याला स्वप्नात प्रभू दिसला होता, बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. त्याला घाई फार. मास्तरांनी त्याच्या हातात दोर दिला. तिसऱ्या दिवशी महारवाड्यातली एक बाई मडकं घेऊन आली, तर हा चार हातांवरून तिच्या मडक्यात पाणी ओतायला लागला. अर्धं मातीत.

"लांबून का?" मास्तरांनी विचारलं.

"शिंतोडे उडतात हो मास्तर."

"उडू देत. त्यालाच बाप्तिस्मा म्हणतात."

कारकून चौथ्या दिवशी आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. मास्तर म्हणाले, "डोळे ओले होते, माणूस कोरडा." याच्या उलट एक भंडारीण होती, नवरा टाकून गेलेली. तिनं वर्षावर दोन महिने पाणी भरलं आणि एक दिवस येऊन म्हणाली, "मास्तर, आता माझ्यावर पाणी नाही घातलं तरी चालेल. मला आतनं गार वाटतंय." मास्तर धोतर सावरत मिशनच्या साहेबाच्या बंगल्यावर पळत गेले, "हिला आजच्या आज द्या! आत्मा आधीच येऊन बसलाय, पाणीच मागे राहिलंय!"

आत्म्याचा बाप्तिस्मा खरा, पाण्याचा ही त्याची खूण, असं त्यांचं म्हणणं. कुणी वाद घालायला लागलं की ते वधस्तंभावरचा चोर काढायचे. प्रभूच्या शेजारच्या खांबावर टांगलेल्या त्या चोराला प्रभूनं स्वर्ग देऊ केला. "त्याला कुणी पाणी घातलं? सांगा ना! तिथे प्यायला पाणी मिळत नव्हतं, बाप्तिस्म्याला कुठलं?" यावर कुणापाशी उत्तर नसे.

माझ्यापाशी होतं. तो कारकून यायचा थांबला त्याच आठवड्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "मास्तर, त्या कारकुनाला घालवलंत. आणि तुम्ही? तुम्हाला माझ्या कपातला चहा चालत नाही. तुमच्यावर शिंतोडे उडत नाहीत वाटतं?"

मला वाटलं चिडतील. त्यांनी तांब्या ह्या हातातून त्या हातात घेतला. "खरं आहे बाई," म्हणाले. "म्हणून तर मी कोरडा." आणि चालायला लागले.

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तुम्हीच सांगा.

मिशनचे थोरले साहेब म्हातारे होते, त्यांना हे सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी तीस वर्षं चालवून घेतलं. प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर आणि द्राक्षरस फिरायला लागला, की मास्तर शेवटच्या बाकावरून हळूच उठायचे आणि बाहेर जायचे. बाप्तिस्मा नाही त्याला प्रभुभोजन नाही, हा नियम. आम्ही आत भाकर खायचो आणि बाहेरून रहाटाची करकर ऐकू यायची. मास्तर विहिरीवर पाणी काढत असायचे. थोरले साहेब ती करकर थांबेपर्यंत शेवटची प्रार्थना लांबवत.

त्या दिवसांत रत्नागिरीत शुद्धीचं वारं जोरात होतं. बाटलेल्यांना परत हिंदू करून घ्यायचं. एके दिवशी चार उत्साही तरुण मास्तरांकडे आले, "मास्तर, तुम्हाला परत घेतो."

"कुठून?"

"ख्रिस्ती धर्मातून."

"अहो, तिकडे मी अजून पोचलोच नाही," मास्तर म्हणाले, "तुम्ही परत कुठून आणणार?" पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत निघून गेली. सगळा गाव आठ दिवस हसत होता.

मी मात्र हसले नाही. माझ्या मनात तो कप होता. थोरले साहेब मायदेशी परत गेले आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले. वयानं तरुण, माणूस सरळ, मराठी पुस्तकातून शिकलेले. त्यांनी आल्या आल्या शिक्षकांचा तक्ता मागवला. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे. नाव, वय, शिक्षण, बाप्तिस्म्याचं साल. मी वही घेऊन मास्तरांपुढे उभी राहिले. ते म्हणाले, "लिहा, व्हायचा आहे."

थोडं सांभाळून लिहिता आलं असतं. ती जागा कोरी ठेवता आली असती. मी काय केलं, ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'व्हायचा आहे', आणि खाली रेघ ओढली. दोनदा. देव मला क्षमा करो, रेघ ओढताना मला बरं वाटलं होतं.

चार दिवसांनी साहेबांनी मास्तरांना बोलावलं. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होते, सगळं ऐकू येत होतं. साहेब ओरडले वगैरे नाहीत. त्यांनाच ते जड जात होतं. "मास्तर, आपण बाप्तिस्म्याचे शिक्षण देता आणि स्वतः तो घेत नाही. हे मला वरिष्ठांस समजावून सांगता येणार नाही. ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण निर्णय करावा. नाहीतर मला आपणांस कामावर ठेवता येणार नाही."

"कळलं," मास्तर म्हणाले. आणि वर्गात जाऊन त्रैराशिक शिकवलं.

एका कपासाठी मी त्यांचं तीस वर्षांचं काम घालवलं होतं. मधल्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे गेले, रेघा ओढल्याचं सांगून टाकलं आणि रडायला लागले.

"रेघ बघितली मी," ते म्हणाले. "सरळ होती. रडू नका बाई, उलट आज ओलसर दिसताय." मग पायरीवर बसले आणि पहिल्यांदाच मला त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली.

मास्तर ब्राह्मणाच्या घरातले. वडील लहानपणीच गेले, पुढे बायकोही पहिल्याच बाळंतपणात गेली. घरात ते आणि आई, दोघंच. बाविसाव्या वर्षी त्यांनी आईला सांगितलं, माझं मन येशूवर बसलंय. तीन दिवस तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, "एक लक्षात ठेव. माझं पाणी बाहेरच्या कोणी भरायचं नाही." बस्स, एवढंच. आईचं सोवळं कडक. त्या दिवसापासून रोज पहाटे मास्तर विहिरीवर आंघोळ करून, ओलेत्यानंच दोन कळश्या पाणी काढून आईच्या स्वयंपाकघरात ठेवायचे. त्यांच्याशिवाय ती कुणाच्या हातचं पाणी घेत नव्हती. ते बाटले तर त्यांच्याही हातचं घेणार नाही. मग ती पिणार काय? म्हणून बाप्तिस्मा नाही, म्हणून बाहेरचा चहा नाही, म्हणून शेंडी. "शेंडी आईची आहे बाई," ते म्हणाले, "मी नुसती वाहतो."

"म्हणजे आई असेपर्यंत तुमचा बाप्तिस्मा नाही?"

"नाही."

"आणि आईला तर तुम्हीच रोज पाणी पाजून जगवताय."

"तिला शंभर वर्षं मिळोत अशी रोज प्रार्थना करतो," मास्तर म्हणाले, "आणि उठून पाणी भरतो." हसले. मला हसू आलं नाही.

त्यांचा निर्णय झालेलाच होता. नोकरी सोडायची. राजीनामा लिहून कोटाच्या खिशात ठेवलेला त्यांनी मला दाखवला. रविवारी उपासना झाली की साहेबांच्या हातात द्यायचा.

आता मी शहाणी असते तर गप्प बसले असते. पण माझं तोंड! गुरुवारी मास्तर पालीच्या बाजारात उपदेशाला गेले, आणि मी तडक त्यांचं घर गाठलं, परटवण्याला, उताराखाली. म्हातारी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. विधवेचं लाल अलवण, डोक्यावरून पदर, पंचाहत्तरी उलटलेली, पण कणा ताठ.

"कोण गो तू?"

"शाळेतली बाई, आजी."

"देशावरची ती? लांबच उभी राहा हो, मी सोवळ्यात आहे. रागावू नको. बस त्या दगडावर."

मी दगडावर बसले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. मी रेघा ओढल्या तेही. म्हटलं, "आजी, तुमच्या पाण्यापायी त्यांची नोकरी चाललीय. ते तुम्हाला कधी सांगायचे नाहीत. तीस वर्षं प्रभुभोजनाला उठून बाहेर जातात."

म्हातारीचा हात आमसुलांवर थांबला. "बाहेर जाऊन काय करतो?"

"पाणी काढतात."

ती एकेक आमसूल उलटं करत राहिली. मग म्हणाली, "किती दिवस आहेत?"

"येता रविवार शेवटचा."

"बरं. ऊन उतरायच्या आत जा. आणि त्याला सांगू नको, तू आली होतीस म्हणून."

मी परत चढण चढताना स्वतःला शिव्या घालत होते. एकदा लिहून माती केली, आता बोलून केली. म्हातारी पुन्हा तीन दिवस पाणी सोडून बसली तर? ह्या वयात तीन दिवस कुठले निघायला? शुक्रवारी, शनिवारी मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. ते नेहमीसारखेच होते. मला अन्न गोड लागेना.

रविवार उजाडला. वैशाखातलं ऊन, सकाळी नऊलाच कातळ तापलेला. आमचं देऊळ टेकाडावर. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो. दुसरं गीत चाललं होतं, तेवढ्यात शिपाई दारात येऊन हातवारे करायला लागला. मास्तर शेवटच्या बाकावर, त्यांनी बाहेर बघितलं आणि ताडकन उठले. मी बाजाची पेटी वाजवत होते, ती तशीच सोडून त्यांच्या मागे धावले. गीत मध्येच विस्कटलं.

आवारातल्या उंडीच्या झाडाखाली म्हातारी उभी होती. अनवाणी, लालबुंद झालेली, कमरेवर तांब्याची कळशी. खाली रस्त्यावर तिच्या आळीतल्या दोन बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या.

"आई! तू इथे? ह्या उन्हात?"

"पुढे हो. ही कळशी घे. वाटेत कुठे टेकवल्येली नाही, कुणाचा हात लागलेला नाही. विहिरीनं तळ गाठलाय, निम्मीच भरली."

मास्तरांनी कळशी घेतली. "पण कशाला, आई?"

"तुझ्या त्या साहेबाला सांग, काय डोक्यावर घालायचं आहे ते ह्यातलं घाल म्हणावं. इथलं बारा जणांच्या पोहऱ्याचं पाणी नको. हे आपल्या विहिरीचं आहे, मी स्वतः काढलेलं. ह्या पाण्यानं माझा मुलगा कसा बाटतो ते बघत्येच मी."

मास्तरांनी कळशीत डोकावून पाहिलं. शेवटी म्हणाले, "आई, मग तुझं पाणी कोण भरणार?"

"कोण म्हणजे? तू!"

"तूच म्हणाली होतीस. बाहेरच्या कोणी भरायचं नाही."

"मग तू बाहेरचा कधी झालास, मेल्या?" म्हातारी कडाडली. "मी पाण्याचं बोलल्ये होत्ये. देवाचं बोलल्ये होत्ये का? तुझं तूच ठरवून बसलास. तीस वर्षांत एकदा तरी मला विचारलंस?"

वधस्तंभावरचा चोरसुद्धा मास्तरांच्या मदतीला आला नाही. कळशीत पाणी डुचमळत होतं.

एव्हाना साहेब दारात आले होते. त्यांना म्हातारीचं बोलणं निम्मंच कळलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, पण हा माणूस नियमाचा. ते कपाळाला आठ्या घालून विचार करत उभे. मग म्हणाले, "पाणी कोणत्या विहिरीचे असावे, असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही." आणि कळशी घ्यायला हात पुढे केला.

"अगो बाई, हात लावू नका!" म्हातारी ओरडली. साहेबांनी विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला. कळशी आत कोण नेणार? साहेबांचा हात चालत नव्हता, माझा तर नाहीच नाही. सगळ्या देवळात एकच हात तिला चालणारा होता. मास्तर स्वतःच्या बाप्तिस्म्याचं पाणी स्वतः उचलून आत गेले, आणि वेदीपुढच्या वाडग्यात स्वतःच ओतलं. म्हातारी उंबऱ्याबाहेर उभी राहून मान वाकडी करून बघत होती.

साहेबांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तिन्ही नावं घेऊन, टोपी काढलेल्या त्या डोक्यावर ओंजळीनं पाणी सोडलं. ते शेंडीवरून मानेत उतरलं. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं, की पाणी ही नुसती खूण, आत्मा आला की पाणी मागे राहिलं तरी चालतं, तो माणूस त्या ओंजळभर पाण्यानं असा ढसाढसा रडला की साहेबांना पुढची प्रार्थना म्हणता येईना. भंडारीण पुढे होऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मास्तर, गार वाटतंय ना?" त्यांनी मान हलवली.

कळशीत पाणी उरलं होतं. मास्तर ती घेऊन बाहेर आले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागोमाग. आता पुढे काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बोलणं वेगळं आणि घशाखाली उतरणं वेगळं.

"झालं?" म्हातारीनं विचारलं.

"झालं."

"टोपी घालू नको, आधी डोकं पूस. पडसं होईल." मग ती झाडाच्या मुळावर टेकली. "दमल्ये मी. दे पाणी."

मास्तर जागचे हलले नाहीत. "आई, आता माझा हात..."

"दे म्हणत्ये ना!"

तिनं ओंजळ धरली. मास्तरांनी वाकून कळशी कलती केली. धार पडली, आणि म्हातारी प्यायली. घटाघटा प्यायली, थांबून दम घेतला, पुन्हा ओंजळ धरली. पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत होतं. चार शिंतोडे शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पायांवर उडाले. रस्त्यावरच्या त्या दोन बायका बघत होत्या, तशाच वळून निघून गेल्या.

काय सांगू, माझ्या छातीवरचा धोंडा त्या धारेबरोबर उतरला. मी तिथेच मातीत बसले आणि हसायला लागले. शिपाई म्हणाला, "बाय, उन्ह लागलं काय?" लागेना का!

त्याच दिवशी दुपारी मास्तर शाळेच्या पडवीत आले. तांब्या खांबाशी ठेवला आणि म्हणाले, "बाई, चहा करा." चांगल्या कपबश्या उपासनेहून आलेल्या दुसऱ्यांनी घेतल्या होत्या. मी त्या कान तुटलेल्या कपात दिला. त्यांनी फुंकून फुंकून घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." मी दुसरा केला, तोही घेतला. खिशातला राजीनामा काढून त्यांनी मला चुलीत घालायला दिला.

आळीतल्या लोकांनी म्हातारीला काही दिवस बोलून घेतलं. हळदीकुंकू तिला कधीचंच नव्हतं, आता पंगतीचं बोलावणंही थांबलं. ती म्हणायची, "मला दात तरी कुठे आहेत पंगतीला बसायला?" मास्तर रोज पहाटे पूर्वीसारखेच ओलेत्यानं दोन कळश्या भरायचे, मग मिशनच्या विहिरीवर यायचे. शेंडी त्यांनी ठेवली. साहेबांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. प्रभुभोजनाला ते आता पुढच्या बाकावर बसायचे, पण सवयीनं एकदा तरी दाराकडे बघायचे.

गाव त्यांना कोरडे मास्तरच म्हणत राहिलं. ते म्हणायचे, म्हणू दे.

मी पुढे अधूनमधून म्हातारीकडे जायची. त्याच दगडावर बसायची, तेवढ्याच अंतरावर. तिनं मला कधी पडवीत घेतलं नाही, आणि पानावर फणसाचे गरे ठेवून ते माझ्याकडे सरकवल्याशिवाय कधी परत पाठवलं नाही. दोन्ही खरं आहे. एकदा मी धीर करून विचारलं, "आजी, खरं सांगा. आपल्या विहिरीचं पाणी असलं की माणूस बाटत नाही, असं तुम्हाला खरंच वाटत होतं? आणि बाप्तिस्मा झाल्यावर त्यांच्या हातचं घेतलंत, ते कसं?"

तिनं माझ्याकडे, हे काय विचारणं झालं, अशा नजरेनं बघितलं.

"मला काय कळतं गो शास्त्रातलं? एवढी चढण चढून आल्ये होत्ये. तहान लागली होती. आणि पाणी द्यायला माझा मुलगा उभा होता."